साकेतच्या नावावरची खोली

लग्नाच्या सत्तेचाळिसाव्या वाढदिवसाला समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये जाऊन राहावं, ही कल्पना माझी नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गल्लीत अजून लोक मला थांबवून "काय मेष्ट्रे, बीच कसा होता?" असं विचारतात आणि डोळे मिचकावतात. मेष्ट्रे म्हणजे मास्तर. म्हैसुरात शिक्षकाला निवृत्त होता येत नाही. मी छत्तीस वर्षं हायस्कूलच्या पोरांना गणित शिकवलं, आणि आजही संध्याकाळी आठ-दहा पोरं आपापले अपूर्णांक घेऊन आमच्या कट्ट्यावर बसतात. ज्या दिवशी एकही पोरगं येत नाही, तो माझा सुटीचा दिवस. आणि तो दिवस मला मुळीच आवडत नाही.

कल्पना आमच्या मुलाची, साकेतची. दहा वर्षांपूर्वी त्याने आम्हा दोघांसाठी एका हॉलिडे क्लबचं सभासदत्व घेतलं. वर्षातून एकदा, तीन दिवस, समुद्राकाठी, खाणंपिणं सगळं त्यातच. कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "अप्पा, दरवर्षी तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला जायचं. एवढंच काम."

मी कागदाच्या मागचे बारीक अक्षरातले नियम वाचले, त्यांत शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या आणि कागद त्याला परत दिला. त्या वर्षी दहावीची पोरं होती. पुढच्या वर्षी गुडघा. त्याच्या पुढच्या वर्षी घर रंगवायला काढलं. मग करोना आला, तेव्हा मला कारण शोधावंसुद्धा लागलं नाही. कारणं सांगण्यात शिक्षकाचा हात कुणी धरू शकत नाही. जन्मभर पोरांची ऐकलेली असतात. साकेत दरवर्षी एप्रिल महिन्यात विचारायचा आणि मी दरवर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचो.

चार वर्षांपूर्वी एका मंगळवारी तो ऑफिसला गेला आणि सकाळी अकरा वाजता खुर्चीत बसल्याबसल्याच संपला. अडतिसावं चालू होतं. लग्न केलं नव्हतं.

यंदा मार्चमध्ये क्लबचं पत्र आलं. 'प्रिय साकेत, आपले सभासदत्व १५ मे रोजी संपत आहे.' मी ते घडी घालून ठेवून देणार होतो, पण वेदवतीने, म्हणजे आमच्या हिने, हातातून घेतलं. चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"जाऊया," ती म्हणाली.

"कुठे?"

"त्यानं सांगितलं तिथं. तेरा मेला आपला वाढदिवस, पंधराला हे संपतं. एकदा जाऊन येऊया की."

"या वयात? रिसॉर्ट?"

"सहा वर्षं सांगत होता. एकदाही गेलो नाही. असंच संपून गेलं, तर मी त्याला काय सांगू?"

कुठे आणि कधी सांगणार, हे मी विचारलं नाही. इतकी वर्षं वर्गात काढल्यावर कुठला प्रश्न विचारायचा नाही, एवढं माणसाला कळतं.

मी क्लबला फोन केला. एक दाबा, दोन दाबा, परत एक दाबा असं करत मी अर्धा तास बासरी ऐकली. मग एक बाई आल्या. मुख्य सभासदाशीच बोलावं लागेल, म्हणाल्या. मी म्हटलं, ते नाहीत. "मग केव्हा उपलब्ध होतील?"

मी गणिताचा माणूस. नक्की उत्तर नसेल तर 'सांगता येत नाही' असं लिहावं, हे मीच पोरांना शिकवलेलं. तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, आम्ही परत फोन करू. आणि खरोखर केला. आठवडाभर रोज दहाच्या सुमारास फोन यायचा: "साकेतजी आले का?" आठव्या दिवशी मी खरं काय ते सांगितलं. मग "आम्हाला दुःख आहे, कृपया लाइनवर थांबा," आणि पुन्हा बासरी.

बासरीनंतर यादी आली. मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, सर्व वारसांचं ना-हरकत पत्र, सगळं साक्षांकित करून. आणि कागद पोचल्यापासून कामाचे नव्वद दिवस. मी वहीत आकडेमोड केली. हाती दिवस होते चव्वेचाळीस, तेही रविवार धरून.

तरी मी वारसाच्या दाखल्यासाठी तालुका कचेरीत गेलो. तिथला कारकून भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, कागद पाहिले आणि हळू आवाजात म्हणाला, "मुलगा अविवाहित होता ना? मग वारस फक्त आई. वडील कायद्याने दुसऱ्या यादीत येतात."

"दुसऱ्या म्हणजे?"

"पहिल्या यादीत कुणी नसेल तर."

मी मुलाला पाढे शिकवले, सायकल शिकवली, पोहायला तेवढं शिकवलं नाही कारण मला येत नव्हतं. आणि मी दुसऱ्या यादीत! घरी येऊन हे हिला सांगितलं, तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "कायदा करणाऱ्याला कळत असेल की काहीतरी."

आता शेजारच्या जगन्नाथरावांना बोलावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. खरं तर ते न बोलावताच आले होते. बेळगोळच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला हा गृहस्थ. जगातला कुठलाही बिघाड हातोडीने दुरुस्त होतो यावर त्यांचा विश्वास, आणि त्यांच्या पोटात कुठलीही गोष्ट चार मिनिटांहून जास्त राहत नाही ही त्यांची ख्याती.

"अल्ला मेष्ट्रे," म्हणजे 'तसं नव्हे मास्तर', ते म्हणाले, "तुम्ही खरं सांगितलंत, तिथंच चुकलं! खरं कुणी फोनवर सांगतं होय? मत्ते, आणखी एक ऐका. समुद्रात कमरेच्या वर पाण्यात जाऊ नका. घोट्याएवढ्या पाण्यातही जाऊ नका, तिथं वाळू सरकते."

"मग जाऊ कुठे?"

"सुम्ने, नुसतं काठावर बसा की! पाणी बघायला पाण्यात कशाला जायला पाहिजे?"

"अहो, आधी तिथे जायला तर मिळू दे."

तेव्हा आमच्या माडीवर राहणारी मृण्मयी खाली आली. ही मूळची पुण्याची, संगणकाच्या कंपनीत. आमचं मराठी ऐकून तिला पहिले सहा महिने आम्ही कानडीच बोलतो असं वाटत होतं. तिने सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "काका, फोन कशाला केलात? हे सगळं ऑनलाइन होतं. त्यांच्या कॉम्प्युटरला कुठे कळलंय काही?" तिने मांडीवर लॅपटॉप उघडला, साकेतचा ईमेल टाकला आणि थांबली. "पासवर्ड विसरलोय म्हणते. हं. ओटीपी पाठवतोय मोबाइलवर. शेवटचे आकडे चार-दोन. कुणाचा हा?"

"त्याचाच," मी म्हणालो. "तो नंबर बंद होऊन चार वर्षं झाली. संपलं."

देवघरात टिंग असं वाजलं.

मला वाटलं घंटी पडली. वेदवती उठली, आत गेली, गंधाच्या खोडामागे हात घालून एक छोटा जुना फोन घेऊन आली. डोळ्यांजवळ धरून तिने सहा आकडे एकेक करून वाचले. मृण्मयीने ते दाबले.

"तू बंद केला नव्हतास?" मी विचारलं.

"रिचार्ज संपू दिलं नाही."

"तुला कुठे येतं ते करायला? कोण करून देतं?"

जगन्नाथराव एकदम आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. एप्रिल महिना त्यांनी फार लक्षपूर्वक वाचला.

"त्याला रोज मेसेज येतात," वेदवती फोनकडे बघत म्हणाली. "दातांचा डॉक्टर बोलावतो. काल कुणीतरी चपला स्वस्तात देत होतं."

मृण्मयीने नाक ओढलं आणि भराभर फॉर्म भरायला घेतला. मुख्य पाहुण्याच्या जागी साकेतचं नाव आपोआप आलं. ते काही केल्या पुसेना. दुसऱ्या पाहुण्याच्या जागी तिने 'वेदवती' लिहिलं. निमित्त काय, या रकान्यात 'लग्नाचा वाढदिवस' यावर खूण केली. "काका, तिथे तुमचं आधार दाखवा, काही होत नाही." बारा ते चौदा मे. खोली मिळाली. उत्तराचा ताळा न पाहता गणित सोडू नये असं मी पोरांना रोज सांगतो, आणि मी स्वतः ताळा न पाहता उठलो.

ताळा पाहिला वेदवतीने, रात्रीच्या जेवणाआधी, पंचांगात. "अहो, बाराला दशमी आहे."

"बरं मग?"

"तेराला एकादशी. चौदाला द्वादशी."

आमच्यासारख्या माध्वांच्या घरात याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही, पण इतरांसाठी सांगतो. दशमीला एकदाच, दिवसा जेवायचं. एकादशीला काही नाही. वेदवती तर पाण्याचा थेंब घेत नाही. द्वादशीला सकाळी वेळेच्या आत पारणं फेडायचं. माझी एकादशी कॉफीपुरती सैल असते, पण हिची पंचेचाळीस वर्षांत एकही चुकलेली नाही. म्हणजे, जिथे तीन दिवस चारी ठाव जेवणाची सोय होती तिथे मी तिला नेमक्या तिच्या न जेवण्याच्या तीन दिवसांत नेत होतो. तारीख बदलू म्हटलं तर दुसरी खोलीच शिल्लक नव्हती.

"इरली," ती म्हणाली. म्हणजे, असू दे. "त्यानं काय आपल्याला जेवायला पाठवलंय होय?"

बारा तारखेला पहाटेच्या बसने आम्ही निघालो. गावाबाहेरचं येलवाल येईपर्यंत जगन्नाथरावांचे तीन फोन आले: छत्री घेतली का, काठी घेतली का, आणि मेष्ट्रे, पाण्याकडे पाठ करून उभं राहू नका. संध्याकाळी पाचच्या सुमारास उडुपीच्या पुढे एका नारळीच्या बागेत शिरलो. स्वागतकक्षात शिंपल्यांच्या माळा घालून, हातात छोटी कागदी छत्री खोवलेलं सरबत देऊन, व्यवस्थापक प्रणेश पुढे आला आणि दोन्ही हात जोडून मोठ्याने म्हणाला,

"वेलकम, साकेत सर!"

आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो.

फोनवरच्या बाई सोडल्या तर चार वर्षांत ते नाव आमच्यासमोर कुणी उच्चारलं नव्हतं. नातेवाईक 'ते झालं तेव्हा' असं म्हणतात. गल्लीतली माणसं 'तुमचा मुलगा' म्हणतात आणि पुढे थांबतात. गेल्या वर्षी कट्ट्यावर शिकायला साकेत नावाचंच एक पोरगं आलं, तर त्याच्या आईने दुसऱ्या दिवसापासून त्याला चिंटू म्हणायला सुरुवात केली. त्या पोराला अजून त्याचं कारण माहीत नाही. सगळी माणसं चांगली आहेत. मीसुद्धा घरात ते नाव घेत नाही, आणि मी का घेत नाही हे मला कुणी विचारत नाही.

प्रणेशने माझं आधार कार्ड पाहिलं. "सर, यात वेंकोबा आहे. बुकिंगला साकेत?"

मी खुलासा पाठ करून आणला होता. पोरांना कॉपी केल्याबद्दल बाकावर उभं करणारा माणूस मी. खोटं बोलून खोली घेणार नव्हतो. मी घसा साफ केला. तेवढ्यात वेदवती स्वच्छ कानडीत म्हणाली, "ते घरात हाक मारायचं नाव आहे."

प्रणेश हसला. "छान नाव आहे, साकेत सर!"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. पण विचार केला तर तिच्या वाक्यात खोटा शब्द एकही नव्हता.

त्यानंतर सुटका नव्हती. सामान उचलणारा "या साकेत सर", टॉवेल देणारी सहना "किती टॉवेल साकेत सर", बागेतला माळी "साकेत सर, नारळाखाली बसू नका". एकाने मालिश करून घेणार का विचारलं. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या अंगाला ते नाव नव्या शर्टासारखं टोचत होतं. खोलीत आल्यावर मी दार लावलं.

"उद्या सकाळी मी त्यांना सांगणार आहे."

"सांगू नका."

"अगं, हे खोटं आहे."

"असू दे." ती खिडकीशी उभी होती. "कुणीतरी हाक मारतंय ना. दोन दिवस ऐकते की मी."

दुसऱ्या दिवशी, एकादशीला, आम्ही जेवणाच्या दालनात गेलोच नाही, आणि त्यामुळे एक पेचप्रसंग उभा राहिला. प्रणेश हातात कागद घेऊन आला. पाहुणे जेवले नाहीत तर त्याला वरिष्ठांकडे कारण लिहून पाठवावं लागतं, आणि छापलेली कारणं चारच होती: चव, स्वच्छता, उशीर, वागणूक. एकादशीसाठी रकाना नव्हता. त्याची आजी एकादशी करायची, त्यामुळे त्याला सगळं कळत होतं. कागदाला कळत नव्हतं. "साकेत सर, चवीवर खूण करू?" मी म्हटलं, न चाखता चवीवर खूण करणं अन्यायाचं होईल. शेवटी त्याने 'उशीर' लिहिलं. आमचा आम्हालाच झालेला उशीर, म्हणाला.

दुपारी माडाच्या आडोशाला उभा राहून मी कॉफी पीत होतो, तर समोरून वेदवती. तिने कपाकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं आणि कोरड्या ओठांनी म्हणाली, "साकेत सर, साखर पुरेशी आहे ना?" तीन-चार वर्षांनी तिने माझी टर उडवली होती. मला कॉफीची लाज वाटायच्या ऐवजी बरं वाटलं.

लाटा मोठ्या म्हणून लाल झेंडा लावला होता. पाण्यात उतरायला मनाई. त्यामुळे सुटीला आलेली सात-आठ पोरं वाळूत कंटाळून बसली होती. कंटाळलेलं पोर दिसलं की माझा हात शिवशिवतो. मी काठीने ओल्या वाळूवर एक भाकरी काढली, तिचे आठ भाग केले. मग लाटा मोजल्या, मोठ्या किती, लहान किती, त्यांची सरासरी काढली. जन्मात पहिल्यांदा असा फळा मिळाला जो दर दोन मिनिटांनी आपला आपण पुसला जात होता. पोरं "साकेत अंकल, साकेत अंकल" करत अंगावर येत होती. वेदवती काठावर खुर्चीत बसून ऐकत होती. मी एकदाही त्यांना दुरुस्त केलं नाही.

संध्याकाळी सात वाजता प्रणेशने आग्रहाने दोघांना दालनात नेलं. जेवू नका, नुसतं बसा, म्हणाला. एकाएकी दिवे मालवले. टाळ्या वाजवत सगळी माणसं आली, पुढे चाकांची गाडी, तिच्यावर मेणबत्त्या लावलेला बदामाच्या आकाराचा गुलाबी केक. मृण्मयीने रकान्यात केलेली ती खूण चार-पाच आठवड्यांत इथवर पोचून फुलली होती. केकवर वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, 'वेदवती आणि साकेत यांना लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा.'

माझ्या कानातून वाफ निघाली असेल. छत्तीस वर्षं फळ्यावर चुका खोडलेला माणूस मी; त्या केकवर डस्टर फिरवावासा वाटला. वेदवतीने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलू लागले. मी उठलोच, म्हटलं, बास, हिला इथून बाहेर काढायला पाहिजे. पण ती हसत होती. "अय्यो," तिला बोलता येईना, "अय्यो, हे त्याला सांगितलं असतं ना, तर तो दोन दिवस..." आणि पुन्हा हसू. मग त्या हसण्यातच कुठेतरी दुसरं सुरू झालं. कुठे एक संपलं आणि कुठे दुसरं लागलं, ते मला शेजारी बसून कळलं नाही.

प्रणेश घाबरला. "मॅडम, नावात चूक झाली का?"

"नाही," तिने डोळे पुसले. "बरोबर आहे. एकदम बरोबर आहे."

केक आम्हाला चालणारा नव्हता. वेदवतीने सुरी घेऊन दुपारच्या पोरांना वाटला. कापताना ती नावाला सुरी लावत नव्हती; कडेकडेने तुकडे काढत होती. शेवटी मध्ये तेवढं नाव उरलं आणि सगळ्यांत लहान मुलगी बशी घेऊन उभी राहिली. वेदवतीने तो सगळा तुकडा उचलून तिच्या बशीत ठेवला. "सावकाश खा गं," म्हणाली.

आम्ही बाहेर व्हरांड्यात येऊन बसलो. आत लोक जेवत होते, चमच्यांचा आवाज येत होता. समुद्रावर अजून थोडा उजेड होता.

"तुम्ही तेव्हा का आला नाहीत?" ती म्हणाली. रागाने नाही. कट्ट्यावरची पोरं 'शून्याने भाग का जात नाही' असं विचारतात, तसं.

दहावीची पोरं, गुडघा, रंगकाम, सगळी कारणं माझ्याकडे क्रमवार होती.

"मला वाटलं, वेळ आहे," मी म्हणालो.



द्वादशीला सकाळी पारणं सव्वाआठच्या आत फेडायचं होतं, आणि दालन उघडतं साडेआठला. प्रणेशने स्वयंपाक्याला उठवून आमच्यापुरता भात आणि वरण सातला तयार ठेवतो असं कबूल केलं होतं. वेदवतीची स्नानपूजा आटोपत होती. मी सहाच्या सुमाराला काठावर गेलो. एक जीवरक्षक तेवढा हातात पाहुण्यांची यादी घेऊन उंच खुर्चीवर बसला होता.

मी चपला काढल्या, धोतर गुडघ्यावर घेतलं आणि पाण्यात उतरलो. माझ्या मनात काही भलतंसलतं नव्हतं. हे स्पष्ट लिहितो, कारण जगन्नाथरावांना अजून संशय आहे. मला फक्त एकदा पाण्यात जायचं होतं. त्याने दहा वर्षांचं सभासदत्व घेतलं, म्हणून दहा पावलं. दहा झाली, पाणी गुडघ्यापर्यंत आलं. मग करोनाची दोन वर्षं हिशेबात धरावीत की नाही याचा विचार करत आणखी चार टाकली. पाणी कमरेला लागलं.

मागे शिट्टी वाजली. मग ओरडणं सुरू झालं. "साकेत सर! साकेत सर, मागे या!"

कुणाला तरी बोलावत होते. माझं नाव वेंकोबा. हाक आपल्या नावाची नसेल तर माणूस वळत नाही, त्यात माझा दोष नाही. मी पुढची लाट मोजत उभा राहिलो.

"साकेत सर! बॅक! बॅक!"

आणि मग दुसरा आवाज आला.

सत्तेचाळीस वर्षांत वेदवतीने मला एकदाही नावाने हाक मारलेली नाही. 'अहो', 'ऐकलंत का', फारच राग आला तर नुसतं भांडं आपटणं. पण तो आवाज तिचाच होता.

"साकेत! साकेता! मागं ये रे!"

संध्याकाळी गल्लीत पोरं खेळत असायची आणि ही फाटकाशी उभी राहून हाक मारायची, तो आवाज होता. तीस वर्षांपूर्वीचा, तसाच्या तसा, पोटातून आलेला. त्या मंगळवारी तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. सगळ्या बायका तिला 'रडा, मोठ्याने रडा' म्हणत होत्या, आणि ही नुसती बसून होती.

"पुरे झालं रे बाळा! मागं ये! साकेता, ये ना रे मागं!"

जीवरक्षकाची शिट्टी थांबली. लाटेखेरीज काही ऐकू येत नव्हतं, आणि ती हाक.

माझी पाठ किनाऱ्याकडे होती. मला तिथून परत फिरायचं होतं, पाणी वाढत होतं, पायाखालची वाळू जगन्नाथरावांनी सांगितली होती तशीच सरकत होती. पण मी वळलो असतो तर तिला माझा चेहरा दिसला असता. जोवर पाठ होती, तोवर पाण्यात कुणीही असू शकत होतं. म्हणून मी आणखी एक लाट अंगावर घेतली. आणखी एक. तिला हाक मारू दिली.

मग तिचा आवाज बसला, आणि मी वळलो.

ती गुडघाभर पाण्यात उभी होती. पारण्यासाठी नेसलेली साडी निऱ्यांसकट भिजली होती. पुढे केलेला हात तसाच होता. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागच्या पाण्याकडे पाहिलं, आणि हात सावकाश खाली घेतला. मी पाय ओढत तिच्याजवळ आलो. तिने पदराच्या कोरड्या टोकाने माझं डोकं पुसलं, कान पुसले, मानेच्या मागे पुसलं. बराच वेळ पुसत होती.

"चला," ती म्हणाली. "पारण्याची वेळ टळेल."